तासाभराचं फूल, आठवड्याचं बी

दसरा उलटला की बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनी-लालबर्राकडच्या बांध्यांमध्ये उशिराचा धान निसवायला लागतो. अशा दिवसांत सकाळी नऊ-दहाच्या सुमारास बांधावर उकिडवं बसावं आणि एकाच लोंबीवर नजर ठेवावी. धानाचं फूल उमलताना दिसतं. धानाला फूल येतं, ही गोष्टच जन्मभर भात खाणाऱ्या कित्येकांच्या गावी नसते आणि त्यात त्यांचा दोषही नाही. या फुलाला पाकळ्या नाहीत, रंग नाही, मध नाही. दोन हिरवी टरफलं तेवढी दिसतात. पुढं दाण्यावरचं तूस होतं ते हेच.

त्या टरफलांच्या तळाशी दोन इवल्या गाद्या असतात. वेळ झाली की त्या पाणी शोषून फुगतात आणि टरफलांना एकमेकांपासून दूर लोटतात. फट पडते. फटीतून सहा पुंकेसर वर येतात आणि त्यांचे तंतू इतक्या झपाट्यानं लांबतात, की धीर धरून बसणाऱ्याला ते नुसत्या डोळ्यांनी वाढताना दिसतात. टरफलं उघडत असतानाच परागकोश फुटतात, पराग आतल्या दोन केसाळ कुक्षींवर सांडतो. तासाभरात गाद्या ओसरतात, टरफलं मिटतात, ती दाण्याच्या जन्मात पुन्हा उघडत नाहीत. रिकामे परागकोश तेवढे बाहेर लोंबत राहतात. दुपारी शेतावर गेलेल्या माणसाला फुलोरा म्हणून दिसतो तो हा उरलेला पसारा. खरा सोहळा सकाळीच उरकलेला असतो.

एवढी घाई का? कारण धानाचा पराग फार अल्पायुषी. कोशातून बाहेर पडला की काही मिनिटांत त्याचा जीव जातो. त्यातून त्या तासात हवा तापली, पारा पस्तीस अंशांच्या वर गेला, तर पराग रुजतच नाही आणि ती लोंबी पोची निघते. महिनेच्या महिने चिखलात राबून, पऱ्हे उपटून, रोवणी करून, निंदण काढून जे पीक उभं केलं, त्याचं भवितव्य एका सकाळच्या तासावर टांगलेलं असतं. बरं, बहुतेक फुलांत टरफलं उघडताना स्वतःचाच पराग स्वतःच्या कुक्षीवर पडतो, त्यामुळे शेजारच्या बांधीतला पराग येऊन मिसळण्याचं प्रमाण जेमतेम शेकडा एक, बहुधा त्याहूनही कमी. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो सुवासिक वाण पिढ्यान्‌पिढ्या घरच्याच बियाण्यावर टिकून राहिला. त्याचं श्रेय शेतकऱ्याच्या निवडीला आहेच, पण थोडं या मिटलेल्या टरफलांनाही द्यायला हवं.

बालाघाटच्या रानाशिवारात हिंडताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. बी धरणाऱ्या झाडांची खरी करामत वेळ साधण्यात आहे. फूल कधी उघडायचं, गर्भाला अन्न कधी द्यायचं, बी कधी सोडायचं आणि सोडलेल्या बीनं किती थांबायचं, हे ज्याचं त्यानं आपापल्या परीनं ठरवलेलं आहे. एकाच जिल्ह्यात एक बी आठवडा-दहा दिवसांवर थांबू शकत नाही, दुसरं दोन-दोन पावसाळे पडून राहतं आणि तिसऱ्याचं फूलच माणसाच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा दिसतं.

पण आधी धानाच्या फुलात जरा खोल शिरू. कुक्षीवर पडलेला परागकण काही मिनिटांत एक नळी सोडतो. ती नळी कुक्षीतून खाली, अंडाशयातल्या बीजांडापर्यंत वाढत जाते. तिच्यातून दोन पुंयुग्मक जातात. एक अंडपेशीला मिळतो आणि गर्भ तयार होतो. इथवरचं शाळेत शिकलेलं असतं. दुसऱ्याचं काय होतं, हे १८९८ साली कीव्हमध्ये काम करणाऱ्या सेर्गेई नवाशिन या रशियन शास्त्रज्ञानं सांगितलं. त्यानं लिलीच्या कुळातल्या फुलांचे अतिशय पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्याच्या लक्षात आलं, की दुसरा पुंयुग्मकही वाया जात नाही. तो त्याच बीजांडातल्या दुसऱ्या एका पेशीला मिळतो, जिच्यात आईकडची दोन केंद्रकं असतात. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये गिन्यार यानंही हेच दाखवलं. एका फुलात, एकाच वेळी, दोन फलनं.

धानाच्या पराग-नळीतल्या प्रत्येक युग्मकात १२ गुणसूत्रं असतात. अंडपेशीला तो मिळाला की गर्भात २४ होतात. दुसऱ्या फलनात मात्र आईची १२ आणि १२, वर बापाची १२, अशी ३६ जमतात. या ३६वाल्या भावंडापासून रोप कधीच होत नाही. ते फक्त पेशी वाढवतं, पिठूळ सत्त्व साठवतं आणि गर्भाची शिदोरी होऊन राहतं. त्याला भ्रूणपोष म्हणतात. आपण ताटात वाढून घेतो तो भात म्हणजे हा भ्रूणपोष. गव्हाचा मैदा तोच. शहाळ्यातलं पाणीसुद्धा तोच, फक्त पेशींच्या भिंती अजून उभ्या राहिलेल्या नसतात म्हणून पातळ. एकाच आईबापांची दोन लेकरं, एकाच दिवशी गर्भात आलेली. त्यांतलं एक दुसऱ्यासाठी संपतं, आणि माणसाची जात मुख्यतः त्या संपणाऱ्यावर पोसली जाते. हे मला आजही ऐकीव गोष्टीइतकं अद्‍भुत वाटतं.

पाहायचं असेल तर सूक्ष्मदर्शक नको. घरातला पांढरा तांदूळ तळहातावर घ्या आणि दाण्याचं एक टोक न्याहाळा. एका कोपऱ्याला तिरकी खाच दिसेल, जणू कुणी चिमूटभर टोक उडवलंय. गर्भ बसलेला असतो ती ही जागा. गिरणीत तांदूळ पॉलिश होताना गर्भ कोंड्याबरोबर निघून जातो आणि शिदोरी मागे राहते. अख्खा, न छडलेला दाणा घेतलात तर त्या कोपऱ्यात तो बारीक पिवळसर ठिपका शाबूत असतो.

दोन फलनांचं हे सगळं इतकं गुंतागुंतीचं का व्हावं, याचं उत्तर मिळायला बैहरच्या पठारावर जावं लागतं. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा बालाघाटकडचा भाग तिकडेच. त्यात सुपखार नावाची जागा आहे. तिथं इंग्रजांच्या काळात लावलेली चीड पाइनची झाडं सरईच्या, म्हणजे सालाच्या, रानात वेगळीच उठून दिसतात. पाइन हे अनावृतबीजी झाड. त्याला फळ नाही, अंडाशयही नाही, बी शंकूच्या खवल्यावर उघडंच बसलेलं असतं. पाइनच्या परागाला हवेच्या दोन पिशव्या असतात, वाऱ्यावर तो दूरवर जातो. बीजांडाशी पोचल्यावर मात्र त्याला घाई नसते. परागण होऊन फलन व्हायला वर्षभराचा काळ जातो, शंकू पिकून बी सुटायला दुसरं वर्ष उजाडतं. धानाला काही तास लागतात त्या कामाला पाइनला वर्ष लागतं.

आणखी एक फरक आहे आणि तोच महत्त्वाचा. पाइनमध्ये गर्भाची शिदोरी फलनाच्या आधीच बांधलेली असते. पुढं पराग आला नाही, फलन झालं नाही, तर ते अन्न फुकट गेलं. फुलझाडांनी हा तोटा टाळला. त्यांच्यात शिदोरी बांधायला सुरुवातच दुसऱ्या फलनानं होते, म्हणजे लेकरू नक्की आलं हे कळल्यावरच आई हात सैल सोडते. आज पृथ्वीवर अनावृतबीजींच्या सुमारे हजार जाती आहेत आणि फुलझाडांच्या सुमारे साडेतीन लाख. या तफावतीची कारणं पुष्कळ आहेत, फुलाफळांनी कीटकपक्ष्यांना कामाला लावलं हे त्यांतलं मोठं कारण. पण या काटकसरीचा वाटाही लहान नसावा.

बी ही कल्पना मात्र या दोघांहून पुष्कळ जुनी. बी येण्याआधी झाडांची लग्नं पाण्यात लागत. पावसाळ्यात ओढ्याकाठी, कातळाच्या सांदीत जे नेचे माजतात त्यांची आजही लागतात. नेच्याच्या पुंयुग्मकाला शेपट्या असतात आणि ओलाव्याच्या पातळ पापुद्र्यातून पोहत त्याला अंडपेशी गाठावी लागते. पाणी नाही तर पुढची पिढी नाही. साधारण ३६ कोटी वर्षांपूर्वी काही झाडांनी मोठा बीजाणू अंगावेगळा न करता अंगावरच ठेवला, त्याला आवरण दिलं, अन्न दिलं, आणि पुंयुग्मकाला परागाच्या रूपानं वाऱ्यावर सोडलं. कोरड्या जमिनीवर वंश वाढवायची सोय झाली. जुन्याची खूण पुरती पुसली गेली नाही, हे १८९६ साली टोकियोत कळलं. साकुगोरो हिरासे या चित्रकार-सहायकाला गिंको झाडाच्या बीजांडात पोहणारे पुंयुग्मक दिसले. झाड जमिनीवरचं, बी धरणारं, आणि आतल्या थेंबभर पाण्यात पोहणं चालूच.

या इतिहासात आपल्या या मुलखाचं नाव कोरलेलं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बालाघाटचा उत्तरेकडचा भाग एके काळी गढा-मंडल्याच्या गोंड राजांकडे होता, दक्षिणेकडचा देवगडच्या गोंडांकडे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या हेन्री मेडलिकॉटनं १८७२ साली मध्य भारतातल्या जुन्या खडकांच्या थरांना याच गोंडांच्या मुलखावरून गोंडवन हे नाव दिलं. त्या थरांत जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे विपुल सापडतात. ग्लॉसोप्टेरिस हे त्या झाडाचं नाव १८२८ सालीच ब्रोंनियारनं ठेवलं होतं. या झाडाच्या बिया पानाला चिकटलेल्या अंगावर धरत. तीच पानं आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियातही सापडली. १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार दक्षिण ध्रुवावरून परतताना बर्फात मेले, तेव्हा त्यांच्यासोबत सुमारे १६ किलो दगड होते. जीव जात असतानाही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसची पानं निघाली. हे सगळे भूखंड कधी काळी एकत्र होते, या विचाराला त्या पानांनी बळ दिलं. त्या एकसंध खंडाला जगभर आजही गोंडवन म्हणतात.

सिवनी ओलांडून छिंदवाडा जिल्ह्यात गेलं की मोहगाव कलान लागतं. तिथल्या गारेसारख्या खडकात सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची फळं आणि फुलं पेशींसकट दगड होऊन राहिली आहेत. बिरबल साहनींनी त्यांतल्या एका फळाला एनिग्मोकार्पॉन परिजाई असं नाव दिलं, त्याच सुमारास नागपूरचे शुक्ल यांनी एका फुलाचं वर्णन साहनिअँथस म्हणून केलं. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्र्यं. शं. महाबळे यांनी दोघांचं नातं चिपीशी जोडलं. कोकणच्या खाडीकाठी कांदळवनात वाढणारी ती चिपी. तिचं गणगोत सातपुड्याच्या पायथ्याशी! त्याच परिसरात निपा या खाडीतल्या ताडाचं फळही दगडात सापडलंय. तेव्हा समुद्र इथवर किंवा इथून जवळ शिरला असावा, असं ही फळं सुचवतात. फळ म्हणजे नुसता खाऊ समजणाऱ्यांनी एकदा नागपुरात किंवा लखनौला या खडकांचे काप पाहायला हवेत.

आता सरई. मराठी पुस्तकांत साल म्हणतात, इकडे सरई म्हटलं तरच समोरचा मान डोलावतो. बालाघाटची गंमत अशी, की बैहरकडे वर सरईचं राज्य आहे आणि खाली लालबर्रा-कटंगीकडे सागाचं. दोघं दोन स्वभावांची झाडं. सरई मार्च-एप्रिलमध्ये फुलते आणि मेअखेरीपासून बी सोडायला लागते. फळाला पाच पंख असतात, तीन मोठे, दोन लहान. फुलाच्या बाह्यदलांचेच ते वाढून झालेले. वळिवाचा वारा सुटला की फळं गरगरत उतरतात. जवळजवळ त्याच दिवसांत मृग बरसतो, आणि बरसावाच लागतो. कारण सरईचं बी आठवडा-दहा दिवसांच्या वर जगत नाही. त्याला सुकणं सोसत नाही, आतलं पाणी कमी झालं की गर्भ मरतो. डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवावं म्हटलं, तर उरतं ते नुसतं तेलाचं बी. पाऊस दहा दिवस लांबला तर त्या वर्षीचा पुष्कळसा हंगाम बुडाला असंच समजायचं. त्यातून भरघोस बी येतं तेही दोन-तीन वर्षांतून एकदा.

इतकं उतावळं झाड टिकलं कसं? इथं सरईनं एक वेगळाच डाव टाकलेला आहे. उगवलेलं रोप हिवाळ्यात, उन्हाळ्यात, वणव्यात वरून वाळून जातं. पुढच्या पावसात मुळापासून पुन्हा फुटतं. पुन्हा वाळतं. असं वर्षानुवर्षं चालतं. जमिनीवर वीतभर काडी, आणि खाली मूळ मात्र जाड होत राहतं. मग एखाद्या वर्षी, मुळात पुरेसा साठा झाला आणि वर उजेडाला वाट मिळाली, की शेंडा सुटतो तो थेट वर. रानातल्या मनगटाएवढ्या सरईचं वय तिच्या खोडावरून सांगू नये. जमिनीखाली ती दहा-पंधरा वर्षं आधीपासून असू शकते. इंग्रज वनाधिकाऱ्यांना सरईच्या या स्वभावानं फार छळलं. रोपं दिसतात, मोजतात, पण झाडं होत नाहीत. आर. एस. ट्रूपच्या १९२१ सालच्या भारतीय वृक्षसंवर्धनावरच्या ग्रंथात सरईला मिळालेली पानं पाहिली की त्यांची दमछाक कळते. बी थांबू शकत नाही, म्हणून मूळ थांबतं.

साग याच्या अगदी उलट. तो भर पावसात फुलतो. एकेका तुऱ्यात हजारोंनी बारकी पांढरी फुलं. प्रत्येक फूल एकच दिवस उघडं असतं आणि त्यांतल्या शेकडा एकदोघांचंच फळ होतं. हे उधळेपण वाटतं खरं, पण साग स्वतःचा पराग सहसा स्वीकारत नाही. दुसऱ्या झाडावरून माशी-मधमाशी आली तरच काम होतं. झालेलं फळ कागदी फुग्यात गुंडाळलेलं, आत दगडासारखी कठीण आठळी, तिच्यात चार खण, आणि चारांत बहुधा एखाद-दुसरंच बी. या आठळीला पहिल्या पावसाचा मोह पडत नाही. काही बिया पहिल्या वर्षी उगवतात, काही दुसऱ्या, काही आणखी पुढं. रोपवाटिकेतले मजूर ती रात्रभर भिजवतात, दिवसा उन्हात वाळवतात, पुन्हा भिजवतात, असं कित्येक दिवस चालतं, तेव्हा कुठं ती बधते. एकच पाऊस फसवू शकतो, हे सागाला जणू ठाऊक आहे. एकाच जंगलात शेजारी राहून दोघांनी पावसाबद्दल अशी उलटी मतं बाळगावीत, याचं मला मोठं कौतुक वाटतं.

पळसाबद्दल थोडक्यात. त्याच्या चपट्या शेंगेत बी एकच, तेही टोकाला. बाकीची सगळी शेंग म्हणजे वाऱ्यावर जायचं शीड. फुलं लालभडक आणि मधाळ, कारण गिऱ्हाईक पक्षी. पुष्कळ पाखरं पळसावर येतात, पण मध चाखताना पराग नीट एकीकडून दुसरीकडे नेणारा मुख्यतः शिंजीर. बाकीचे बहुतेक फुकटे. उंबराचं फूल पाहायला मिळत नाही म्हणतात, ते खरंही आहे, कारण फुलं उंबराच्या आत असतात. टाचणीच्या टोकाएवढी माशी चिंचोळ्या दारातून आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात, ती आतच अंडी घालून मरते आणि जाता जाता परागण उरकते. उंबरावर स्वतंत्र लेख लिहावा इतकी त्यांची गुंतागुंत आहे. इथं जागा नाही.

बांबूला मात्र जागा द्यायलाच हवी. बालाघाटचं रान आणि बांबू हे समीकरण जुनं आहे, बुरडाच्या सुपापासून कागदाच्या गिरणीपर्यंत. बांबू हे गवत, म्हणजे धानाचाच भाऊबंद, त्याचं फूलही तसंच साधं, वाऱ्यावर भागणारं. फरक इतकाच, की धान दरवर्षी निसवतो आणि बांबू वाट पाहतो. इकडचा काटेरी कटंग बांबू साधारणपणे चाळीस ते पन्नास वर्षांनी फुलतो. भरीव मानवेलही प्रदेशाप्रमाणे पंचवीस-तीस वर्षांपासून साठीपर्यंत. फुलतो तो एखादं बेट नव्हे, कधी कधी डोंगरच्या डोंगर एका हंगामात. पानं झडतात, काठ्यांवर लोंब्या दिसतात, गव्हासारख्या बिया पोत्यांनी पडतात आणि मग सगळी बेटं वाळून मरतात. एकदाच फुलून मरणं हा त्याचा नेम. दुष्काळात लोकांनी या बिया दळून, शिजवून खाल्ल्या आहेत.

सगळ्यांनी एकाच वेळी का फुलायचं? अमेरिकी शास्त्रज्ञ डॅनिएल जॅन्झेन यांनी १९७६ साली याचं उत्तर मांडलं. उंदीर, रानडुकरं, रानकोंबड्या बियांवर टपलेल्या असतात. रोज थोडं बी पडलं तर तेवढं सगळं फस्त होईल. दशकानुदशकं काहीच न देता एका वर्षात डोंगरभर बी ओतलं, तर खाणाऱ्यांची पोटं फुटतात तरी बी उरतं. एकटा बांबू वर्षभर आधी फुलला तर त्याचं सगळं बी खाल्लं जातं, म्हणजे ठरल्या वेळेला चुकणाऱ्याचा वंशच उरत नाही. उंदरांचं पुढं काय होतं, ते मिझोराममध्ये दिसलं. तिथला मुळी बांबू दर ४८ वर्षांनी फुलतो. १९५९ च्या सुमारास तो फुलला, बियांवर उंदीर माजले, बिया संपल्यावर त्यांनी शेतं साफ केली. दुष्काळात मदतीसाठी लालडेंगांनी जी संघटना उभी केली, तिच्यातूनच १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट निघाली आणि दोन दशकं चाललेलं बंड उभं राहिलं. एका गवताच्या फुलण्यानं राजकारण बदललं. पुढचा बहर ठरल्याप्रमाणे २००६-०८ मध्ये आला.

जपानातला एक बांबू १२० वर्षांनी फुलतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो जपानात फुलला आणि त्याची रोपं जिथं जिथं नेली होती, त्या परदेशांतही फुलला. हवामान वेगळं, माती वेगळी, मोजणी मात्र तीच. ही मोजणी कशी होते, कोणती पेशी वर्षं गुणते, हे अजून उलगडलेलं नाही. २०१५ साली वेलर, नोवाक आणि डेव्हिस या हार्वर्डच्या तिघांनी एक मजेदार गोष्ट दाखवली. बांबूंचे हे लांब आवर्तकाल लहान संख्यांच्या गुणाकारातून आलेले दिसतात. १२० म्हणजे पाच गुणिले तीन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन. म्हणजे कुणा पूर्वज बांबूनं पाच वर्षांनी फुलायची सवय लावली, मग कधी काळी ती तिप्पट झाली, पुढं तीनदा दुप्पट. मधल्या वर्षी फुलणाऱ्याचं काही चालत नाही, पण दुप्पट वेळ थांबणारा निदान एकाआड एका बहरात इतरांबरोबर सापडतो. हे वाचल्यावर मी किती तरी वेळ कागदावर चाळीस, पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस फोडत बसलो होतो.

शेवटी मोह. मार्च-एप्रिलच्या पहाटे बालाघाटच्या कुठल्याही गावी जा, बायका टोपल्या घेऊन मोहाखाली असतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, एवढी फुलं वेचली तर झाडाला फळं कुठून येणार? तर मोहानं त्याची सोय केलेली आहे. गोड, मांसल, पिवळट पांढरं असं जे खाली पडतं, तो फक्त पाकळ्यांचा पेला. फोडून पाहा, आतल्या कडेला बारीक पुंकेसर चिकटलेले दिसतात. तेही त्याच्याबरोबरच गळतात. बाह्यदलं, अंडाशय आणि त्यावरची लांब शेपटी मात्र वर डहाळीलाच राहतात. ही शेपटी कळी उमलायच्या आधीच बाहेर डोकावते आणि तयार असते, म्हणजे आपल्याच परागाच्या आधी दुसऱ्या झाडाचा पराग आला तर घ्यायला मोकळी. रात्री फळं खाणारी वटवाघळं गोड पेल्यासाठी येतात, तोंडाला पराग माखून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. पहाट होते, कामाचा नसलेला पेला गळतो आणि माणूस तो वेचतो. वटवाघूळ आणि गोंड-बैगा बायका एकाच फुलाचा गोडवा वाटून घेतात, एक रात्री, एक पहाटे, आणि झाडाचं काही बिघडत नाही. यापेक्षा सरळ व्यवहार जंगलात मी दुसरा पाहिलेला नाही.

बिघडतं ते पुढं. जून-जुलैत फळं पिकतात. वटवाघळं गर खाऊन बी दूर कुठं तरी टाकतात, ती मोहाची लागवड. पण झाडाखाली पडलेली टोरी, म्हणजे मोहाचं बी, तेलासाठी वेचली जाते, त्यातून थोडीच मागे राहते. मोहाचं बीही सरईसारखंच, फार दिवस न टिकणारं. काही आठवड्यांत मातीत गेलं नाही तर उगवत नाही. त्यातून उगवलेलं रोप पहिला उन्हाळा पाहतं तो नेमका मार्च-एप्रिलमध्ये, आणि तेव्हाच फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. आई फुलत असते आणि तिच्याच सावलीत वर्षाचं लेकरू जळत असतं. जुने, डेरेदार मोह गावोगावी आहेत. त्यांच्याखाली गुडघ्याएवढा मोह शोधायला गेलात तर बराच वेळ लागेल.

म्हणून जिल्ह्यातल्या, आणि पलीकडच्या गोंदिया-भंडाऱ्यातल्याही, मोहवाल्यांना एवढंच सांगणं आहे. येत्या हंगामात पाला पेटवू नका, खराट्यानं ओढून बाजूला करा किंवा झाडाखाली जाळी अंथरा. जाळीवरची फुलं स्वच्छ राहतात आणि भावही बरा मिळतो. आणि टोरी वेचताना प्रत्येक झाडामागे ओंजळभर बी पावसाच्या आत बांधावर पुरा. घरी ठेवून पुढच्या वर्षी लावू म्हणाल, तर ते उगवणार नाही.